परदेशी ग्राहकासमोर २० मिनिटांचं ऑनलाइन सादरीकरण: कॅमेरा कोणता घ्यावा?

गोकुळशिरगावकर

राम राम मंडळी.

एसजी आयर्नचं (गोल ग्राफाइटवाल्या ओतीव लोखंडाचं) कास्टिंग आणि त्यावरचं मशीनिंग करणारा कारखाना आहे. जर्मनीतल्या एका हायड्रॉलिक पंपवाल्यांनी पंप हाउसिंगसाठी (पंपाच्या बाहेरच्या कवचासाठी) चौकशी पाठवली आहे आणि पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्ट टीम्सवर अर्धा तास दिला आहे. २० मिनिटं आपण बोलायचं, १० मिनिटं त्यांचे प्रश्न. समोर चौघं: खरेदीचा एक, क्वालिटीचा एक, डिझाइनचे दोघं. आपल्याकडून मालक आणि क्वालिटी मॅनेजर.

हाताशी काय आहे: ४२ स्लाइडचं कंपनी प्रोफाइल, ७ मिनिटांचा व्हिडिओ (ड्रोन, संगीत, सगळं), एक लॅपटॉप आणि कॉन्फरन्स रूममध्ये ५५ इंची टीव्ही. बजेट २० हजार.

प्रश्न:
१) वेबकॅम घ्यावा की पडून असलेला डीएसएलआर जोडावा?
२) ४२ पैकी किती स्लाइड ठेवाव्यात?
३) इंग्रजीचा कोल्हापुरी हेल घालवायला काय करावं?

चहाबाज

मी पयला!

२० मिनिटांतून व्हिडिओची ७ गेली, राहिली १३. त्यात ४२ स्लाइड, म्हणजे स्लाइडला साडेअठरा सेकंद. आयपीएलमधल्या जाहिराती याहून निवांत चालतात.

ध्वनिलहरी

शिरगावकर, कॅमेरा हा शेवटचा प्रश्न आहे. आधी आवाज. चित्र अडखळलं तर लोक सांभाळून घेतात. आवाज तुटायला लागला की समोरचा दुसऱ्या खिडकीत ईमेल उघडतो आणि तुम्हाला ते कळतही नाही.

लॅपटॉपचा माइक तोंडापासून साधारण ६० सेंमीवर असतो. माइक २० सेंमीवर आणला की अंतर तिपटीने घटतं आणि खोलीतल्या गोंगाटाच्या तुलनेत तुमचा आवाज सुमारे ९.५ डेसिबलने वर येतो. कुठलंही सॉफ्टवेअर हे काम इतक्या स्वस्तात करत नाही. त्यामुळे वायरवाला कॉलर माइक घ्या, हजाराच्या आसपास मिळतो. हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावायचा. गळ्यात ओळखपत्र असेल तर ते काढून ठेवा, नाहीतर दर हालचालीला टक-टक ऐकू जाते.

घेताना पिन बघा. लॅपटॉपला एकच गोल भोक असेल तर तीन काळ्या पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची पिन कॅमेऱ्यासाठी असते. ती खोचली तर लॅपटॉपला माइक दिसतच नाही आणि तो गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो. इथेच बहुतेकांची फसगत होते: माइक कॉलरला, आवाज मात्र हौदातून. तपासायला टीम्समध्ये चाचणी कॉल करा आणि कॉलर माइकवर नखाने टिचकी मारा. रेकॉर्डिंगमध्ये टिचकी कानात बसली तर ठीक. लांबून ऐकू आली तर तुम्ही अजून लॅपटॉपशीच बोलताय.

ब्लूटूथ इअरबड नकोत. गाणी वाजवताना ते एका प्रोफाइलवर चालतात. माइक चालू झाला की फोनकॉलच्या प्रोफाइलवर उतरतात आणि आवाज बऱ्याचदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर येतो. मग 'स', 'श', 'फ' सगळे एकाच माळेचे मणी.

आणि खोली. काचेचं टेबल, टाइल्स, उघड्या भिंती, समोर भला मोठा टीव्ही: हा हौदच झाला. जाड पडदे लावा, खाली सतरंजी आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवा. हसू येईल, पण फरक लगेच ऐकू येतो.

पूर्वा_के

+१. एक भाबडा प्रश्न: नॉइज सप्रेशन 'हाय' वर ठेवलं की मागचा गोंगाट जातो ना? मग गाद्या कशाला?

ध्वनिलहरी

पूर्वाताई, कॉम्प्रेसरसारखा एकसुरी आवाज ते बऱ्यापैकी काढतं. मोल्डिंग मशीनचा ठोका, फेटलिंगचा (कास्टिंगच्या कडा साफ करायचा) ग्राइंडर हे चढउतार करणारे आवाज आहेत. ते दाबताना शब्दांच्या कडाही कापल्या जातात, विशेषतः शेवटचं अक्षर. इंग्रजीत शेवटच्या अक्षरावर बरंच काही असतं. 'कॅन' आणि 'कान्ट' मध्ये तेवढाच तर फरक. शिवाय खोलीचा घुमारा गोंगाट म्हणून सॉफ्टवेअरच्या सहजी हाती लागत नाही, कारण तो तुमचाच आवाज असतो. मशीन चालतात त्या शॉपपासून लांबची छोटी खोली शोधणं सगळ्यात सोपं.

सदाशिवपेठी

कॉन्फरन्स रूमचा मोह सोडा हा सल्ला योग्य. टीव्हीसमोर दोघं बसले की कॅमेऱ्यात दोन वाटाणे दिसतात. दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत, आपापल्या लॅपटॉपवर बसावं. एकाच खोलीत दोन लॅपटॉप लावून दोघांचे माइक उघडले तर जी शिट्टी वाजते ती जर्मनीपर्यंत विनाइंटरनेटही पोचेल.

एकच खोली असेल तर आवाज एकाच यंत्रावरून: मध्ये यूएसबी स्पीकरफोन, दोघंही त्याच्यापासून हातभर अंतरावर, टीव्हीचा आवाज शून्य.

यशवर्धन_ट्रेनर

मित्रांनो, तांत्रिक बाबींत अडकू नका. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५! आत्मविश्वासाने बसा, हातांचा वापर करा, स्मितहास्य ठेवा. ऑर्डर तुमचीच!

सदाशिवपेठी

अरे वा. म्हणजे हाउसिंगच्या भिंतीची जाडी भुवया उंचावून सांगायची का? आणि टॉलरन्स स्मितहास्याच्या रुंदीवरून?

अनुस्वार

यशवर्धन, ते आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आले आहेत. प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच सांगतो, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो याचं ते उत्तर आहे. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे समीकरण लागू नाही, हे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. कास्टिंगच्या कोटेशनला तर नाहीच नाही.

यशवर्धन_ट्रेनर

माहिती नवीन आहे, आभार. तरी मान लोळागोळा करून बसू नये एवढं मान्य कराल ना?

अनुस्वार

ते आजीसुद्धा सांगायची. मान्य.

प्रकाशवाट

उजेडाचं सांगतो. यालाही पैसे फार लागत नाहीत.

खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो, कारण कॅमेरा मागच्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर ठरवतो. टेबल फिरवा आणि खिडकी समोर किंवा समोरून तिरकी घ्या. जर्मनीत दुपार असते तेव्हा आपल्याकडे सूर्य उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे फक्त खिडकीवर विसंबू नका. एक ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब, टेबललॅम्प आणि त्यापुढे थोडं अंतर सोडून बटर पेपर. डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर, नाकापासून साधारण ४५ अंशात. चष्मा असेल तर दिवा आणखी वर न्या, काचेतली चकाकी जाते. खोलीत पिवळे आणि पांढरे दिवे एकत्र लावू नका; कॅमेऱ्याला कुठला पांढरा खरा ते कळत नाही आणि अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो.

दुसरं, लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. बरेच वेबकॅम मुळात ६० हर्ट्झवर लावलेले येतात. मग चित्रावरून आडवे पट्टे सरकताना दिसतात. वेबकॅमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अँटी-फ्लिकर' असते, ते ५० करा. मोबाइलवर शूट करत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

लॅपटॉप उंच करा. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा. झेरॉक्सच्या कागदाचं ५०० पानांचं एक रीम साधारण ५ सेंमी जाड असतं, तीन-चार लागतील. नाहीतर जर्मन माणसाला अर्धा तास तुमच्या नाकपुड्या आणि वरचा पंखा दिसत राहणार. शर्ट साधा, एकरंगी. बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर लहरी मारतो.

चहाबाज

रीम वापरायचा सल्ला पर्चेसवाल्यांना विचारून घ्या. आमच्याकडे रीमसाठी तीन सह्या लागतात.

पूर्वा_के

डोळ्यांत बघून बोलायचं तर कॅमेऱ्यात बघावं लागतं आणि मग समोरच्यांचे चेहरे दिसत नाहीत. यावर उपाय?

प्रकाशवाट

टीम्सची खिडकी लहान करून पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरकवा. नजर दोन बोटं खाली गेली तर समोरच्याला कळत नाही. तळहाताएवढी खाली गेली की कळते. स्वतःचं चित्र लपवून टाका. व्हिडिओ चालू राहतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. नाहीतर माणूस अर्धा वेळ स्वतःचा भांग बघतो.

आणि हो, स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं. हातात कास्टिंग धरून त्यावरचा हीट नंबर (कुठल्या ओतीचं ते सांगणारा क्रमांक) दाखवायला जाल तर तो तुम्हाला उलटा दिसेल. समोरच्यांना सरळच दिसतो. गडबडून भाग फिरवत बसू नका.

ओतारी

आता मुद्द्याचं. स्लाइड.

शिरगावकर, त्या चौघांना त्या दिवशी एकच ठरवायचं आहे: तुम्हाला ड्रॉइंग आणि सॅम्पलची ऑर्डर द्यावी का. संस्थापकांचा फोटो, वर्धापनदिन, वृक्षारोपण यांतून ते ठरत नाही. ४२ स्लाइडचं प्रोफाइल पीडीएफ करून आदल्या दिवशी पाठवून द्या आणि बोलण्यासाठी ८-९ स्लाइड वेगळ्या बनवा. २० मिनिटांची वेळ असेल तर मजकूर १४ मिनिटांचाच ठेवा. कुणीतरी उशिरा येतं, कुणीतरी मध्येच विचारतं.

पंप हाउसिंगमध्ये क्वालिटीवाल्याचा जीव आतल्या पॅसेजमध्ये अडकलेला असतो. कोअरची (आतली पोकळी घडवायला साच्यात ठेवतात त्या वाळूच्या ठोकळ्याची) वाळू आत चिकटून राहिली आणि चालत्या पंपात सुटली की पंप खलास. म्हणून एक कास्टिंग उभं कापा, कापलेल्या बाजूचा फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. स्लाइडवर तो एकच फोटो. खाली तीन आकडे: धुतल्यावर एका भागातून किती मिलिग्रॅम वाळू निघते, लीक टेस्ट किती बारला, किती सेकंद. डिझाइनवाले त्या फोटोतच कोपऱ्यांचे रेडियस बघून घेतात. हा एक फोटो तुमच्या ड्रोन शॉटला भारी आहे.

स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहा. 'क्वालिटी' असं लिहून काही कळत नाही. 'परत आलेल्या मालातले निम्म्याहून जास्त दोष वाळूचे. नव्या सँड प्लँटनंतर ते इतक्या पीपीएमवर' (दहा लाख भागांत किती सदोष) असं लिहिलं की बोलायच्या आधीच मुद्दा पोचतो. अर्थात आकडे खरे टाका. शून्य पीपीएम लिहिलंत की कुणीही विश्वास ठेवत नाही. एक दोष, त्याचं कारण आणि केलेला उपाय दाखवलात तर ठेवतात.

नमुने मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांना आपल्याकडे सगळे पीपॅप म्हणतात. वाहन उद्योगाबाहेरचा जर्मन ग्राहक पहिल्या नमुन्याच्या तपासणी अहवालाला 'ईएमपीबी' म्हणतो. शब्द कानावर आला तर गोंधळू नका.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. ओतारी काका, आकडे स्लाइडवर लिहायचे आणि तेच तोंडाने वाचायचे का?

ओतारी

नाही. वाक्य पडद्यावर आणि तेच तोंडात असलं की ऐकणारा दोन्ही जुळवत बसतो आणि दोन्ही निसटतं. तो तुमच्या आधी वाचून संपवतो, मग तुमची वाट बघतो. पडद्यावर आकडा, तोंडी त्याचं कारण.

अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. समोरचा तुमची स्लाइड मोठ्या पडद्यावर बघेल असं धरू नका, बहुतेक वेळा ती लॅपटॉपच्या अर्ध्या खिडकीत असते. तपासायची सोपी रीत: स्लाइड पडद्यावर १२-१५ सेंमी रुंद करा, खुर्ची मागे घ्या, वाचता येतं का बघा. आणि चांगलं हिरवं, वाईट लाल असे आलेख नकोत. युरोपीय पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. निळा आणि नारिंगी घ्या.

अनुस्वार

आकड्यांवरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. आपण १.२५० किलो लिहिलं तर ते बाराशे पन्नास वाचू शकतात, आणि १,२५० लिहिलं तर सव्वा. आपलं १,२५,००० हे लाखाचं गटीकरण तर त्यांना छपाईची चूक वाटते. हजारापुढचे आकडे स्वल्पविराम न घालता लिहा किंवा मध्ये बारीक मोकळी जागा सोडा. लाख-कोटी बोलण्यातही नको.

तारखांऐवजी ते बरेचदा आठवड्याचा क्रमांक सांगतात. 'केडब्ल्यू १४' म्हणजे वर्षाचा चौदावा आठवडा. आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दाखवायची सोय आहे, ती चालू करून ठेवा, म्हणजे 'सॅम्पल कोणत्या आठवड्यात?' याला लगेच उत्तर देता येतं.

मीटिंगची वेळही नीट बघा. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. त्यामुळे आपलं-त्यांचं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. निमंत्रण कॅलेंडरमधून स्वीकारा, तोंडी वेळ ठरवू नका.

वऱ्हाडीभाऊ

हे सगळं खरं हाय भाऊ, पण हेल? तिसऱ्या प्रश्नाकडं कोनीच नाही पाहून रायलं.

अनुस्वार

हेल घालवायची काहीच गरज नाही. समोरचेही इंग्रजी शिकूनच बोलतात. अडचण वेगाची आणि मोजक्या आवाजांची असते.

वेग मिनिटाला १२०-१३० शब्दांवर आणा. एक पान टाइप करा, शब्द मोजा, घड्याळ लावून वाचा. बहुतेक जण घाबरले की १६० च्या पुढे जातात. प्रत्येक आकड्यानंतर एक श्वास थांबा.

'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हमखास चुकतात. आकडा सांगून पुन्हा सुटा सांगा: फिफ्टीन, वन-फाइव्ह. गंमत म्हणजे जर्मन माणूसही पंचवीसला 'पाच आणि वीस' असंच म्हणतो, आपल्यासारखं. त्यामुळे इंग्रजीत बोलताना तोही ५२ आणि २५ मध्ये घोटाळा करू शकतो. त्याने सांगितलेला आकडाही सुटा करून परत म्हणा आणि चॅटमध्ये टाका.

आपलं भारतीय इंग्रजीही जरा गाळून घ्या. 'डाउट' म्हटलं की त्यांना शंका घेतल्यासारखं वाटतं, 'क्वेश्चन' म्हणा. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल' नको. 'वुइ विल ट्राय' म्हणजे हो की नाही हे त्यांना कळत नाही. जमणार असेल तर तारीख द्या, नसेल तर 'नो, बिकॉज' म्हणून कारण सांगा. आणि मान डोलावू नका. आपली ती आडवी-तिरकी डुलणारी मान व्हिडिओवर 'नाही' सारखी दिसते. तोंडाने 'येस' म्हणा.

चहाबाज

आवाज बंद ठेवून मान डोलावणं हा आमचा राष्ट्रीय खेळ आहे. त्यावरही बंदी?

टंकशाळा

थोडं अवांतर. हेच सादरीकरण मराठीत, समजा बँकेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात करायचं असेल तर फॉन्टकडे लक्ष द्या. श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसतील तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी फुकट मिळतात. तिरोची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, तिच्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. ओळींतलं अंतर १.२ च्या खाली नेऊ नका, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. फाइल सेव्ह करताना पॉवरपॉइंटच्या पर्यायांत फॉन्ट आतच साठवायची खूण करता येते, ती करा. शिवाय पीडीएफ प्रत जवळ ठेवा.

सदाशिवपेठी

अवांतर असूनही उपयुक्त. दुर्मीळ योग.

गोकुळशिरगावकर

मंडळी, दंडवत. येवढं कुनी सांगितलं नव्हतं बगा. व्हिडिओचं काय करू? मालकांचा त्याच्यावर लई जीव आहे.

ओतारी

मालकांना दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात दाखवू द्या. इथे ९० सेकंदांचा नवा बनवा: वाळूचा साचा, कोअर बसवणं, ओतकाम, धुणं, लीक टेस्ट, एवढ्याच पाच गोष्टी. मोबाइल आडवा धरा. ओतकामाच्या वेळी वितळलेल्या धातूवर बोट दाबून एक्स्पोजर कुलूपबंद करा, नाहीतर लोखंड पांढरं आणि बाकी सगळं काळं. संगीत काढून टाका, मालकांनी वरून बोलावं.

पाठवण्याआधी ती क्लिप थांबवून-थांबवून बघा. दोन गोष्टी शोधा. एक, लॅडलजवळ (वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याजवळ) गॉगल किंवा हेल्मेट नसलेला माणूस. क्वालिटीवाल्याची नजर नेमकी तिथेच जाते आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही सुरक्षेवर बोलत बसता. दोन, दुसऱ्या ग्राहकाचे भाग, पेटीवरचं लेबल, फळ्यावर लावलेलं ड्रॉइंग. ते दिसलं की समोरचा मनात म्हणतो, आमचंही असंच कुणाला तरी दाखवणार.

प्रकाशवाट

क्लिप चालवताना टीम्समध्ये शेअर करायच्या आधी संगणकाचा आवाज समाविष्ट करायचं बटण असतं, आणि चित्र व्हिडिओसाठी सुधारायचंही. दुसरं राहिलं तर क्लिप पत्त्यांचा डाव वाटल्यासारखी एक-एक चित्र टाकत चालते. तरी भरवसा नको, फाइल आधीच पाठवून ठेवा.

पूर्ण पडदा शेअर करू नका, फक्त पॉवरपॉइंटची खिडकी. नाहीतर मधेच व्हॉट्सॲपवर 'लाडू संपले, येताना आणा' झळकतं. टीम्सच्या पॉवरपॉइंट लाइव्हमधून दाखवत असाल तर समोरचे आपले आपण पुढच्या स्लाइड चाळू शकतात. किमतीची स्लाइड असेल तर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून ते बंद करा.

खिडकीतून स्लाइड शो चालवत असाल तर तीन कळा हाताशी ठेवा. बी दाबलं की पडदा काळा, म्हणजे लोक तुमच्याकडे बघतात. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर. राखीव स्लाइड (मशीनची यादी, प्रमाणपत्रं, ग्रेडचे तक्ते) शेवटी ठेवा आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून समोर चिकटवा. आणि शिफ्ट-एफ५: शो बंद पडला तर आहे त्या स्लाइडपासून पुन्हा सुरू.

ध्वनिलहरी

इंटरनेटचं राहिलं. ग्रुप कॉलला डाउनलोडपेक्षा अपलोड बघा. वायफाय सोडून लॅन केबल लावा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. जनरेटर दहा सेकंदांत घेतो हे खरं, पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. मोबाइलवर दुसऱ्या नावाने मीटिंगला हजर राहा, माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. लॅपटॉप गेलाच तर तो मोबाइल उघडून बोलणं सुरू ठेवता येतं.

सदाशिवपेठी

एक कायदेशीर टाचणी. सरावासाठी स्वतःचं रेकॉर्डिंग करा, हवं तेवढं. प्रत्यक्ष मीटिंग मात्र त्यांना विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका. जर्मन फौजदारी संहितेच्या कलम २०१ प्रमाणे कुणाचं खाजगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे.

सरावाचं रेकॉर्डिंग दोनदा तपासा: एकदा चित्र झाकून फक्त आवाज, एकदा आवाज बंद करून फक्त चित्र. पहिल्यात 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं ते मोजा.

वाचनमात्र

मग शेवटी कॅमेरा कोणता?

प्रकाशवाट

फिरून आलो एकदाचे.

डीएसएलआर नको. त्याला एचडीएमआय कॅप्चर कार्ड लागतं, बॅटरीच्या जागी वायरवाली नकली बॅटरी लागते, बरीच जुनी मॉडेलं अर्ध्या तासात तापतात, आणि चित्र आवाजाच्या किंचित मागे पडतं. हा सगळा खटाटोप पडद्यावरच्या चार बोटं चौकटीसाठी. लॅपटॉपचा कॅमेरा फारच मळकट असेल तर आधी त्याची काच पुसा. विनोद नाही, तिथे बोटांचं तेल असतं. तरी नाही जमलं तर आधी मोबाइल वापरून बघा: आयफोन आणि मॅक असेल तर ती सोय २०२२ च्या मॅक ओएस व्हेंचुरापासून आहे, अँड्रॉइड १४ मध्येही काही फोन यूएसबीने वेबकॅम होतात.

२० हजारांची वाटणी अशी करा: दोघांना दोन कॉलर माइक, दोन टेबललॅम्प, राउटरचा यूपीएस, दोन लांब लॅन केबल. उरलेल्या पैशांत एक कास्टिंग कापून, कडा घासून, चांगला फोटो काढून घ्या. तरीही उरले तर साधा १०८०पीचा वेबकॅम.

गोकुळशिरगावकर

ठरलं. मालकांना कसंबसं पटवलं, ड्रोन काढला. नव्या स्लाइडची यादी टाकतोय, बघून घ्या:

१. आम्ही काय मागतोय: ड्रॉइंग आणि ५० नमुन्यांची ऑर्डर
२. कापलेलं हाउसिंग, आतली वाळू, लीक टेस्ट
३. महिन्याची क्षमता १,२०० टन, पैकी मोकळी २५० टन
४. एसजी आयर्नच्या ग्रेड: जीजेएस-४००-१५ आणि ५००-७
५. ९० सेकंदांची क्लिप
६. एक दोष, कारण, उपाय
७. नमुन्यांचं वेळापत्रक, केडब्ल्यूप्रमाणे
८. कोण कुणाशी बोलणार: नावं, फोटो, ईमेल

राखीव: ९ ते १६.

ओतारी

उत्तम. ६ व्या स्लाइडवर क्वालिटी मॅनेजर बोलू दे, मालक नको. ती माहिती ज्याच्या हाताखालून गेली आहे त्याच्याच तोंडून यावी. आणि कोण कुठे बोलायला लागणार ते आधी ठरवा, 'यू टेल, सर' नको.

चहाबाज

क्लिप पाचव्या जागी? मध्यंतरात दिलीय म्हणजे. चहा सांगू का?

अनुस्वार

शिरगावकर, स्लाइड ३. तो स्वल्पविराम काढा. जर्मन हिशेबाने महिन्याला एक पूर्णांक दोन टन होतात, म्हणजे छोटा हत्तीच्या दोन खेपा.